कार्यवाहांचा चहा

घाटकोपरच्या त्या शाळेचं नाव सांगण्यात काही अर्थ नाही, उगाच कुणाच्या तरी पोटात दुखायचं. असल्फ्याच्या डोंगराखालची, मराठी माध्यमाची, अनुदानित, आणि दर उन्हाळ्यात पट टिकवण्यासाठी शिक्षकांना चाळीचाळीत मुलं शोधत हिंडायला लावणारी अशी ती शाळा. तिथल्या शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य होतं, जे बाहेरच्या माणसाला कळलंच नसतं. 'तिला चहाला बोलावलंय.'

चहा म्हणजे कार्यवाहांचा चहा. संस्थेच्या कार्यालयात, काचेच्या टेबलावर, बशीसकट कपात, सोबत खारी. हेडसरांची खुर्ची रिकामी व्हायची वेळ आली आणि ज्येष्ठतेत पहिलं नाव बाईमाणसाचं निघालं, की तिला हा चहा मिळायचा. कार्यवाह देवव्रत सबनीस आधी घरची चौकशी करत. सासूबाई कशा आहेत, मुलगा काय करतो, यजमानांची शुगर काय म्हणते. मग म्हणत, "मॅडम, हे पद म्हणजे नुसता मनस्ताप हो. तुमच्यासारख्या संसारी बाईनं कशाला हे लचांड गळ्यात घ्यायचं?" कप रिकामा होईपर्यंत टाइप केलेला कागद समोर यायचा. घरगुती कारणास्तव मी मुख्याध्यापकपद स्वीकारू शकत नाही. याला शाळेत 'नकार देणं' म्हणत. बाई सही करून परत यायची आणि तिच्या खालचा कुणीतरी सर, मोठा सर व्हायचा. जबरदस्ती कुणी केली म्हणाल तर कुणीच नाही. उलट चहा पाजला की!

सुलक्षणा परब यांनी चहा प्यायला, खारीसुद्धा खाल्ली, आणि सही केली नाही.

"विचार करून सांगते," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं, "मला पद हवंय." सबनीस हसले. त्यांचं हसणं फार सभ्य होतं. "अरे वा! आनंद आहे," म्हणाले. पण शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेचा प्रस्ताव काही त्यांनी लगेच पाठवला नाही. तोपर्यंत सुलक्षणाबाई 'प्रभारी'. दाराबाहेरच्या पाटीवर नाव चढलं, त्याच्या आधी हा शब्द बसला, आणि तो जो बसला तो बसलाच.

बाईंचे वडील दत्ताराम मालवणकडून गिरणीत आलेले. गिरणी गेल्यावर त्यांनी भटवाडीत राहून एका सोसायटीच्या वॉचमनची काठी धरली, पण पोरीला बी.एड. केलं. खुर्चीवर बसल्या त्या पहिल्या दिवशी बाईंना वडिलांची फार आठवण झाली. आपण खुर्ची मागून घेतली याची जराशी लाजही वाटली, खोटं कशाला बोला. कोकणातल्या माणसाला मागायची लाज वाटतेच.

त्यांच्या आधी त्या खुर्चीवर श्यामसुंदर जोगळेकर सर होते. त्यांचं एक वेगळंच प्रकरण. उंच आवाज, कडक इस्त्री, आणि रागावले की समोरच्या टेबलावर डस्टर असा आपटायचे की खडूच्या धुळीत पुढ्यात उभी असलेली बाई निम्मी दिसेनाशी व्हायची. त्यांच्या राज्यात शिक्षिकांनी साडीच नेसायची. रजा मागायला गेलं की "मग नोकरी कशाला करता?" हा प्रश्न ठरलेला. मूल आजारी असलेली बाई बाथरूममध्ये जाऊन रडायची आणि तोंड धुऊन वर्गावर जायची. आणि हेच सर निवृत्त झाले त्या दिवशी त्याच सगळ्या बाया पदर डोळ्यांना लावून हुंदके देत होत्या! "कडक होते हो, पण मनानं चांगले." पुरुष ओरडला की तो कडक. बाई ओरडली की तिचं घरी बिनसलेलं असतं. हे कुणी ठरवलं देव जाणे.

सुलक्षणाबाईंनी ठरवलं होतं, आपण जोगळेकर व्हायचं नाही. इतकी वर्षं ज्या ज्या गोष्टींनी आपला जीव नकोसा झाला, त्या एकेक करून काढून टाकायच्या. साडीची सक्ती उठवली. दुसऱ्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत पंजाबी ड्रेसचे रंग असे उजळले की एक बाई म्हणाली, "आज शाळेत कुणाचं लग्न आहे काय गं?" बायकांच्या बाथरूमला कडी नव्हती, आत गेलं की बाहेर कुणीतरी राखण करायला लागायचं. संस्थेला सांगून सांगून थकल्या, तेव्हा स्वतः जाऊन एक कडी आणली आणि रतन शिपायाकडून ठोकून घेतली. हेडबाई म्हणून त्यांनी केलेलं एवढंच एक काम आजही जागेवर आहे.

आणि मग बदली तास. कुणी शिक्षक गैरहजर असला की त्याच्या वर्गावर दुसऱ्याला बसावं लागतं, त्याला बदली तास म्हणतात. सकाळी रतन चिठ्ठी घेऊन दारात उभा राहिला की शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांचे चेहरे पडायचे. पेपर तपासायला, डबा खायला, नुसतं पाय लांब करून बसायला जो एक मोकळा तास असतो, तोच जायचा. बाईंना ते सगळं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी चिठ्ठ्या बंद केल्या आणि स्वतःच बदली तास घ्यायला लागल्या. मोठ्या बाई हातात खडू घेऊन सातवीच्या वर्गात! मुलं खूश, शिक्षक तर त्याहून खूश.

इथेच चुकलं. पण ते कळायला वेळ होता.

सगळ्यांत जास्त तास त्यांनी अक्षता नावाच्या पोरीचे घेतले. अक्षता अजून शिक्षणसेवक होती, म्हणजे कायम व्हायच्या आधीची ती उमेदवारीची वर्षं. घरी तान्हं बाळ, नवरा फिरतीवर, आणि सांभाळणारी बाई दुपारी निघून जाणारी. शेवटचा तास सुरू व्हायच्या आधी तिच्या फोनची पर्समध्ये घरघर सुरू व्हायची. एकदा ती केबिनमध्ये आली, काही बोलायच्या आतच रडायला लागली. बाई म्हणाल्या, "जा गं तू. तुझ्या वर्गावर मी बसते." त्या दिवसापासून ते नेहमीचंच झालं. अक्षता मागच्या गेटनं निघायची आणि बाई तिच्या वर्गाला इतिहास शिकवायच्या. कुठे लिहिलं नाही, नोंद केली नाही. बायकाबायकांत कसली आलीय नोंद? असं त्यांना मनापासून वाटलं.

त्यांची जुनी मैत्रीण शुभा हिनं एकदा हटकलंसुद्धा. शुभा आणि त्या एकाच वर्षी लागलेल्या, एका डब्यात जेवलेल्या, एकमेकींना अगंतुगं करणाऱ्या.

"सुलू, तू हेडबाई आहेस का सगळ्यांची आई?"

"दोन्ही झाले तर काय बिघडलं?"

"बिघडेल तेव्हा कळेल," शुभा म्हणाली आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून दुसरंच बोलायला लागली.

शुभाचंही एक मागणं होतं. तिच्या सासूला विसरभोळेपणाचा आजार, दुपारनंतर म्हातारी घरातून निघून जायची, एकदा थेट कुर्ला स्टेशनात सापडली. शुभाला सकाळचं सत्र हवं होतं, दुपारी घरी जाता आलं असतं. बाई ताडकन म्हणाल्या, "दिलं!" वेळापत्रक बदलून संस्थेकडे पाठवलं. तिथून ते तसंच्या तसं परत आलं, वर तांबड्या शाईनं 'पूर्ववत ठेवावे'. बाई भेटायला गेल्या तर सबनीस मीटिंगमध्ये. फोन केला तर "पाहू, मॅडम." जोगळेकर सर असते तर संध्याकाळी सबनिसांच्या घरी कॅरम खेळता खेळता काम करून घेतलं असतं. विश्वस्त झाडून सगळे पुरुष, बसायचे सबनिसांच्याच गच्चीवर. बाई तिथे कुठे जाणार? कॅरमची सोंगटी मारायला?

शुभाला त्या रोज सांगत राहिल्या, "होईल गं, मी सांगितलंय." काही झालं नाही. म्हातारीच्या मागे शुभाचा नवरा अर्ध्या रजेवर, शुभा अर्ध्या जेवणावर.

असंच कपाटाचं, पंख्यांचं, प्रयोगशाळेच्या गळक्या नळाचं. बाई सगळ्याला हो म्हणायच्या. वरून सगळं नाही होऊन यायचं. शिक्षक समोर काही बोलत नसत, पण खोलीत बाई आल्या की गप्पा थोड्या थांबायला लागल्या. एकदा एका सरांना उशिरा येण्यावरून त्या जरा चढ्या आवाजात बोलल्या, तर बाहेर पडताना त्यांच्याच कानावर आलं, "वय झालं की बायकांचं असंच होतं यार. सांभाळून घ्यायचं." हसलेही दोघंतिघं. हसणाऱ्यांत एक बाईही होती. त्या रात्री बाईंना जेवण गेलं नाही.

सबनीस अधूनमधून न सांगता शाळेत यायला लागले. आले की केबिन रिकामी. "मॅडम कुठे?" "सर, वर्गावर." पुन्हा आले, पुन्हा वर्गावर. खुर्चीवर बसून डुलक्या काढणारे जोगळेकर सर त्यांना कायम जागेवर सापडायचे, आणि दिवसभर उभं राहून शिकवणारी बाई सापडायची नाही. आता बोला!

मग एक दिवस सबनीस समोसे घेऊनच आले. "काही नाही, जरा कौटुंबिक गप्पा मारू," म्हणाले. सगळे शिक्षक खोलीत गोल करून बसले. सुलक्षणाबाई त्यांच्या शेजारी. कागदी बशा फिरल्या, चटणी फिरली, आणि मग सबनिसांनी हात पुसत विचारलं, "मला एकच सांगा. तुम्ही इथे समाधानी आहात का? मोकळेपणानं बोला. मॅडम आपल्याच आहेत, त्या रागावणार नाहीत."

बाईंना वाटलं, आता अक्षता बोलेल. किंवा ती, जिला बहिणीच्या लग्नाला आठवडाभर सोडलं होतं. निदान त्या ड्रेसवाल्या तरी. बोलायचं ते एवढंच होतं, हो, आम्ही समाधानी आहोत. एका वाक्यात खुर्ची वाचत होती. बाईंनी अक्षताकडे पाहिलं. अक्षता बशीतल्या चटणीत समोशाचा कोपरा फिरवत राहिली. तिच्या कायम होण्याच्या कागदावर सबनिसांची सही व्हायची होती, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी शुभा बोलली.

"बाई फार चांगल्या आहेत," शुभा म्हणाली. "पण..."

सबनीस खुर्चीत पुढे सरकले.

"पण काय शुभाताई? बोला."

"पण त्या आमच्यातल्याच आहेत." शुभा जमिनीकडे बघत होती. "आम्ही त्यांना सांगतो, त्या हो म्हणतात. मनापासून म्हणतात. पण पुढे काही होत नाही. जोगळेकर सर नाही म्हणायचे, राग यायचा, रडायचो. पण त्यांचा नाही खरा असायचा आणि हो म्हणाले तर होपण खरा असायचा. बाईंचा होसुद्धा खरा नसतो. त्यात त्यांची चूक नाही. पण आम्ही काय करायचं?"

"म्हणजे कुणीतरी सर असते तर..." सबनिसांनी वाक्य अर्धंच सोडलं.

"वरच्यांशी बोलणारं कुणीतरी हवं," शुभा म्हणाली. मग खोलीभर माना हलल्या. बायकांच्या जास्त हलल्या. त्यांना तिथे पुरुषाची हौस नव्हती हो, कपाट, पंखा आणि सकाळचं सत्र देणारं माणूस हवं होतं, आणि ते पुरुषाच्याच रूपात येतं हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. ज्यानं प्रत्येक कागद अडवला तोच समोर बसून विचारत होता, समाधानी आहात का? आणि एकीच्याही तोंडून निघालं नाही, की साहेब, अडवता तर तुम्ही! सुलक्षणाबाईंच्याही निघालं नाही. त्या पाणी प्यायल्या.

शाळा सुटल्यावर शुभा गेटपाशी थांबली होती. "तुझ्यावर राग नाहीये गं माझा," ती म्हणाली. "पण आता माझ्यात ताकदच नाही."

"मला एकदा तरी आधी सांगायचंस."

"सांगितलं होतं. तू होईल म्हणालीस."

शुभा खोटं काहीच बोलली नव्हती. हेच तर जिवाला लागलं. खोटं बोलली असती तर भांडता आलं असतं.

घरी जयवंतनं, म्हणजे नवऱ्यानं, सगळं ऐकून घेतलं. तो एका कुरियर कंपनीत हिशेब बघायचा, शांत माणूस, पण चिडला की त्याची मालवणी बाहेर यायची. "तू कित्याक सोडतंस? न्यायाधिकरणात जा. नियम तुझ्या बाजूचो आसा. तुझी खुर्ची कोण काढून घेता ता बघूया मगे!"

बाईंना बरं वाटलं. नियम खरंच त्यांच्या बाजूचा होता. सकाळी त्या मनाची तयारी करून निघाल्या, आणि शाळेत पोचतात तोच रतननं सांगितलं, "मोठ्या बाई, संस्थेतून निरोप आहे. दुपारी चहाला बोलावलंय."

तेच काचेचं टेबल, तीच बशी, तीच खारी. या वेळी सबनिसांनी घरची चौकशी केली नाही.

"मॅडम, मला तुमच्याबद्दल आदर आहे. पण स्टाफचंच म्हणणं तुम्ही ऐकलंत."

"मी लढेन सर," बाई म्हणाल्या.

"जरूर लढा. तुमचा हक्क आहे." सबनिसांनी कप त्यांच्याकडे सरकवला. "फक्त असं आहे, चौकशी लागली की सगळंच निघतं. ती अक्षता मॅडम. शेवटच्या तासाला ती शाळेत नसते म्हणे? हालचाल रजिस्टरला नोंद नाही, अर्ज नाही, आणि हजेरी मात्र पूर्ण दिवसाची. याला काय म्हणतात तुम्हाला माहीत आहे. शिक्षणसेवकाचं असं काही निघालं तर मग माझा इलाज चालत नाही. बाळ लहान आहे ना तिचं?"

बाईंनी कप उचलला होता तो तसाच हातात राहिला. चोरून काहीच केलं नव्हतं त्यांनी. सगळ्या शाळेला माहीत होतं. पण लिहिलेलं कुठे काही नव्हतं. अर्धा दिवस रजेचा साधा अर्ज घेतला असता, रजिस्टरला एक ओळ टाकली असती, तर आज सबनिसांच्या हातात काहीही नसतं. जोगळेकर सर रजाच देत नसत, आणि दिली तर अर्जावर सही, शिक्का, सगळं जिथल्या तिथे. बाईंनी माया केली आणि ती तोंडी केली. आता त्याच मायेनं त्या पोरीचा गळा धरला होता.

"तिचं नाव कुठे येणार नाही?" त्यांनी विचारलं.

"कशाला येईल? आपण सगळे एका कुटुंबातले."

कागद तयारच होता. घरगुती कारणास्तव. बाईंनी सही केली. मग चहा प्यायला, कारण न पिता उठणं वाईट दिसलं असतं. चहात साखर फार होती.

ज्येष्ठतेत पुढचं नाव शुभाचं होतं. शुभाला आदल्याच दिवशी चहा पाजून झाला होता, हे नंतर कळलं. तिला त्याबदल्यात सकाळचं सत्र मिळालं. बाईंना तिचा रागसुद्धा धड आला नाही. रात्री जयवंत म्हणाला, "झाला ता झाला," आणि टीव्हीचा आवाज वाढवून बसला, कारण बायकोला रडताना बघणं त्याला कधी जमलंच नाही.

शुभाच्या खालचे सुबोध सर हेड झाले. माणूस वाईट नव्हता. वयानं लहान, नीटनेटका, सबनिसांच्या गच्चीवर कॅरमला जाणारा. स्वागताला ज्येष्ठ म्हणून सुलक्षणाबाईंनाच पुष्पगुच्छ द्यायला लावला. त्यांनी दिला, फोटोसाठी हसल्या, आणि तो फोटो शाळेच्या ग्रुपवर आला तेव्हा त्यावर सगळ्यांनी हात जोडलेली चिन्हं टाकली. महिन्याभरात पंखे आले. थंड पाण्याचं यंत्र आलं. मान्यताही झटक्यात आली, सुबोध सर एक दिवससुद्धा प्रभारी राहिले नाहीत. शिस्तीसाठी साडी पुन्हा सुरू झाली, आणि बदली तासाच्या चिठ्ठ्याही. "आता कशी शाळा शाळेसारखी वाटते," एक बाई साडीच्या निऱ्या सारख्या करत म्हणाली आणि चिठ्ठी घेऊन वर्गावर गेली. कुणी फार सुखी नव्हतं. पण तक्रार कुणाकडे करायची हे आता ठरलेलं होतं, आणि ती करायची नाही हेही.

सुलक्षणाबाई पाचवीला मराठी शिकवायला लागल्या. मुलं सवयीनं "मोठ्या बाई" म्हणत. "नुसतं बाई म्हणा रे," त्या सांगायच्या. पोरांना वाटायचं बाई गंमत करतात.

अक्षता कायम झाली. त्या दिवशी पेढे घेऊन आली तेव्हा तिनं बाईंना वाकून नमस्कार केला. काहीतरी बोलायचं होतं तिला. समोशांच्या दिवसाबद्दलच असणार. बाईंनी पेढा तोंडात टाकला आणि "छान आहे गं, कुठून आणलास?" असं विचारून तिला सोडवलं. तिच्यासाठी सही केली हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. सांगून काय करायचं होतं? पोर आयुष्यभर ओझं घेऊन फिरली असती.

आणि मग ती दुपार आली. शेवटच्या तासाची घंटा व्हायची होती. अक्षता जिन्यात बाईंना आडवी आली. चेहरा पांढराफटक, हातात फोन.

"बाई, बाळाला ताप चढलाय. सांभाळणारी म्हणते डोळे फिरवतोय. हे नाशिकला आहेत. तुम्ही... तुम्ही माझ्या सातवीवर बसाल?"

बाईंचा पाय आपोआप सातवीकडे वळला. इतक्या दिवसांची सवय. एक पायरी चढल्या आणि थांबल्या. त्यांच्या स्वतःच्या हातात पाचवीची हजेरी होती. त्यांचाही तास होता.

"माझा वर्ग आहे गं," त्या म्हणाल्या. इतकं साधं वाक्य, पण बोलताना त्यांना कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं.

"मग मी तशीच जाऊ?"

"नको!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "तशी अजिबात जाऊ नकोस. तू इथेच थांब. मी सरांशी बोलते."

केबिनचं दार तेच. टेबलाची काच नवी होती. सुबोध सर संगणकावर संस्थेची काही माहिती भरत होते. बाई उभ्यानंच बोलल्या. बाळाचं सांगितलं, तापाचं सांगितलं, अर्ज लिहून घेते म्हणाल्या, नोंद करते म्हणाल्या, दोन्ही वर्ग एकत्र करून मी एकटी सांभाळते, असंही सांगून झालं. हात जोडायचे फक्त बाकी होते, आणि बहुतेक तेही जोडले असावेत.

सुबोध सरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मान हलवली. "कळतं हो बाई, मलाही मुलं आहेत," ते म्हणाले. "पण एकीला सोडलं की उद्या दुसरी येते. तुमच्याच वेळचं उदाहरण आहे. आणि आज सबनीस साहेब यायचेत." मग जरा अवघडून त्यांनी समोरच्या खुर्चीकडे हात केला. "तुम्ही बसा ना. दमलात."

बाई बाहेर आल्या. अक्षता दारालाच टेकून उभी होती. आतला शब्द तिला ऐकू आला नव्हता. बाईंचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत ती म्हणाली, "काय म्हणाले सर?"

सुलक्षणाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. जोगळेकर सर निवृत्त झाल्यापासून या शाळेत नाही हा शब्द कुणी कुणाला तोंडावर म्हटला नव्हता, आणि त्यांनाही तो म्हणता येईना.

"चहा घेता का म्हणाले," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात घंटा झाली. अक्षतानं घरघरणारा फोन पर्समध्ये खाली दाबला, पदर खांद्यावर ओढून घेतला आणि सातवीच्या वर्गावर गेली.